मेंदू रंगवणारी माणसं

ताज्या मेंदूचा पातळ काप काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. करडा-पांढरा धूसरपणा, बस्स. पेशी असतात, त्यांना फांद्या असतात, एखादा तंतू पार लांब गेलेला असतो. पण सगळं एकाच रंगाचं, म्हणजे बिनरंगाचं. मेंदूबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याची सुरुवात थोर विचारवंतांनी केली, असं पुस्तकांतून वाचायला मिळतं. माझ्या मते ती रंगाऱ्यांनी केली.

हे मी म्हणते कारण माझी सगळी नोकरी रंगवण्यात गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मेडिकल कॉलेजच्या ॲनॅटॉमी विभागात मी हिस्टॉलॉजी टेक्निशियन होते. ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, चढत्या अल्कोहोलमधून त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमवर लावून पाच मायक्रॉनची रिबन कापायची, कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचपट्टीवर उचलायची आणि शेवटी रंग. आमच्या लॅब अटेंडंटना डीनपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे ‘मामा’ म्हणत. नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली, “बाई, आधी घाण ओळखायला शिका. पेशी मग कळतील.” रंगाचा साका, धूळ, राहून गेलेलं मेण, कव्हरस्लिपखालचा बुडबुडा, बोथट ब्लेडची रेघ, सगळं स्लाइडवर अगदी ऐटीत बसलेलं असतं. नवख्याला तेच आधी दिसतं. चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात, या प्रश्नावर युरोपात दोन पिढ्या जे भांडण चाललं, तेही मुळात याच गोष्टीवरचं होतं. स्लाइडवर दिसतंय ते मेंदूचं किती आणि रंगाचं किती?

रंग तरी कुठले, कापडाच्या धंद्यातून उसने आणलेले. आमच्या रोजच्या कामातलं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतं. त्या लाकडानं आधी लोकर आणि रेशीम रंगवलं जायचं. कार्मिन हे निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यांपासून मिळतं. जर्मनीतल्या योसेफ गेर्लाखनं १८५८ साली पातळ केलेल्या कार्मिननं मेंदूचे काप रंगवले तेव्हा पेशी कुठे आहेत हे तरी स्पष्ट दिसू लागलं. पण या रंगांची एक खोड आहे. ते पेशीचं अंग रंगवतात, हातपाय नाही. त्यातून काप पातळ असला की फांद्या कापल्याच जातात. मूळ झाड कुठलं आणि फांदी कुठली, याचा पत्ता लागत नाही.

बॉनमधल्या ओटो डायटर्सनं यावर वेगळाच उपाय काढला. क्रोमिक आम्लाच्या पातळ द्रावणात मऊ केलेल्या मज्जारज्जूतून तो बारीक सुयांनी एकेक पेशी सोडवून काढायचा. हे काम किती चिकाटीचं असेल, याची कल्पना ज्यानं कधी सूक्ष्मदर्शकाखाली सुई धरली आहे त्यालाच येईल. श्वास सोडला तरी सुई हलते. त्या सोडवलेल्या पेशींवर त्याला दिसलं की प्रत्येकीला अनेक फांद्या असतात आणि त्यांहून निराळा, फांद्या न फुटणारा एकच लांब तंतू. फांद्या म्हणजे आजचे डेंड्राइट, लांब तंतू म्हणजे ॲक्सॉन. डायटर्स १८६३ साली टायफसनं गेला. वय २९. त्याचं पुस्तक दोन वर्षांनी माक्स शुल्त्सेनं पुरं करून छापलं. पण सुईनं सोडवताना फांद्यांची टोकं तुटतात. ती टोकं जातात कुठे, हे त्यालाही सांगता आलं नाही. गेर्लाखनं मग जाहीर केलं की ती एकमेकांत मिसळतात, साऱ्या मेंदूचं एकच अखंड जाळं असतं. बहुतेकांनी मान डोलावली.

१८७२ साली कामिल्लो गोल्जी हा तरुण इटालियन डॉक्टर पाविया सोडून मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो या गावात नोकरीला गेला. पाविया विद्यापीठात संशोधन होतं, पण पोटापाण्याची खात्री नव्हती, आणि वडिलांनी तगादा लावला होता. नोकरी होती असाध्य रुग्णांच्या धर्मादाय इस्पितळात. तिथे प्रयोगशाळा कुठली! त्यानं स्वयंपाकघरात एक सूक्ष्मदर्शक आणि मोजकी भांडी मांडली आणि दिवसाचं काम आटोपल्यावर रात्री मेणबत्तीच्या उजेडात बसू लागला.

त्यानं जे केलं ते सांगायला सोपं आहे. मेंदूचा छोटा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात कडक करायचा. मग तो सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकायचा. दोन क्षार भेटले की सिल्व्हर क्रोमेट तयार होतो. मिठाचं प्रमाण काढताना बारावीच्या मुलांना जो विटकरी रंग दिसतो, तोच हा. मेंदूच्या तुकड्यात मात्र हा साका सगळीकडे बसत नाही. तो निवडक पेशींत शिरतो आणि शिरला की टोकापर्यंत भरतो. पिवळसर पार्श्वभूमीवर शंभरातल्या एक ते पाच पेशी काळ्याकुट्ट, बाकीच्या अदृश्य. आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर, दाट उसाच्या फडातून एकच ऊस मुळापासून वाढ्यापर्यंत वेगळा दिसावा, तसं. सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर स्लाइड नुसती काळी झाली असती आणि कुणालाच काही कळलं नसतं. या रंगाचा अपुरेपणा हाच त्याचा मोठेपणा. नेमक्या कुठल्या पेशी रंग घेतील, हे रसायन आजही आधी सांगू देत नाही.

१८७३ मध्ये गोल्जीनं हे छापलं. लेख लहानसा, इटालियन भाषेत, प्रांतीय वैद्यकीय मासिकात. आल्प्सपलीकडे तो फारसा कुणी वाचला नाही.

ही पद्धत मी करून पाहिली आहे. एका पीजी विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी उंदराच्या मेंदूचे तुकडे अंधाऱ्या कपाटात ठेवले होते. नेहमीचे पाच मायक्रॉनचे काप इथे चालत नाहीत, शंभर मायक्रॉन किंवा त्याहून जाड लागतात, नाहीतर फांद्या तुटतात. तुकडा चांदीतून बाहेर काढला की वर काळं कवच चढलेलं असतं, ते खरवडून टाकायचं. कधी आत काहीच नसतं. कधी नुसत्या रक्तवाहिन्या रंगलेल्या. आणि कधी अचानक एखादी पिरॅमिडल पेशी, तिच्या साऱ्या फांद्यांसकट, कुणी शाईनं काढून ठेवल्यासारखी. ती बघायला विभागप्रमुखांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे आले होते. मावशींनी विचारलं, “ह्ये आपल्या डोक्यात बी आसतं?” सिल्व्हर नायट्रेटनं पडलेले बोटांवरचे काळे डाग साबणानं जात नाहीत, कातडी झडेल तेव्हा जातात. मतदानाच्या शाईत हाच क्षार असतो. म्हैसूरच्या कारखान्यातली ती शाई १९६२ च्या निवडणुकीपासून देशभर बोटांवर लागते आहे, त्यामुळे गोल्जीच्या रसायनानं अठरा वर्षांवरच्या बहुतेक भारतीयांना केव्हा ना केव्हा स्पर्श केलेला आहे.

गोल्जीचा हात अचूक होता. नजर मात्र जुन्या मतात अडकली. ॲक्सॉनला बारीक उपफांद्या फुटतात हे त्यानं पहिल्यांदा दाखवलं, आणि त्या एकमेकांत गुंतलेल्या दिसल्यावर म्हणाला की हेच ते अखंड जाळं. गेर्लाखचं जाळं डेंड्राइटचं होतं, याचं ॲक्सॉनचं, इतकाच फरक.

गोल्जीचा लेख निघाल्यानंतरच्या चौदा वर्षांत ही पद्धत वापरणारे थोडेच होते. त्यांतला एक नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन. १८८६ मध्ये त्यानं पावियाला जाऊन गोल्जीकडून ती शिकून घेतली आणि बेर्गेनच्या संग्रहालयात समुद्री जीवांच्या चेतासंस्थेवर प्रबंध लिहिला. पेशी एकमेकींत मिसळलेल्या त्याला कुठेच दिसेनात, तसं त्यानं लिहिलंही. मग प्रबंधाची तोंडी परीक्षा आटोपून काही दिवसांत तो बर्फावरून ग्रीनलंड ओलांडायला निघून गेला. पुढे ध्रुवप्रदेशाचा संशोधक म्हणून जगभर गाजला, शांततेचं नोबेलही मिळालं. चेतापेशींच्या इतिहासात तो तळटीप होऊन राहिला. असो.

सान्तियागो रामोन इ काहालची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी. स्पेनमधल्या आरागॉन भागातला हा मुलगा. चित्रं काढण्याचा नाद इतका की वडिलांनी वैतागून त्याला आधी न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे शिकाऊ म्हणून ठेवलं. वडील शरीरशास्त्र शिकवायचे. त्यांनी अखेर कबरस्तानातली हाडं आणून त्याला त्यांची चित्रं काढायला लावली आणि पोरगा वैद्यकीत आला. सैन्यातला डॉक्टर म्हणून क्यूबात गेला, मलेरिया घेऊन परतला. व्हॅलेन्सियाला प्राध्यापक असताना १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीवर काम केलं. सारागोसाच्या प्रांतिक सभेनं त्याबद्दल त्याला झाइसचा सूक्ष्मदर्शक भेट दिला. तोवर त्याच्याकडे चांगल्यापैकी यंत्र नव्हतं.

१८८७ मध्ये माद्रिदला लुइस सिमार्रो या डॉक्टरनं त्याला पॅरिसहून शिकून आणलेल्या गोल्जीच्या पद्धतीची एक स्लाइड दाखवली. त्याच वर्षी काहालची बदली बार्सिलोनाला झाली. पद्धत लहरी होती. दहा तुकड्यांतला एखादाच रंगायचा, म्हणून तर लोकांनी ती सोडून दिली होती. काहालनं तीन गोष्टी बदलल्या. डायक्रोमेट आणि चांदी यांचा फेरा एकदा करून न थांबता दुसऱ्यांदा केला. काप मुद्दाम जाड ठेवले. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत हुशारीची, त्यानं मोठ्या प्राण्यांचे मेंदू सोडून कोंबडीच्या अंड्यातली पिलं आणि नुकती जन्मलेली पिलं घेतली. मोठेपणी ॲक्सॉनवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढतं आणि त्यात चांदी शिरत नाही. पिलांत ते चढलेलं नसतं, शिवाय तंतू आखूड असतात, एकाच कापात सुरुवातीपासून शेवटापर्यंत मावतात.

१८८८ च्या मे महिन्यात त्यानं स्वतःच्या खर्चानं एक त्रैमासिक काढलं. पहिल्या अंकाच्या प्रती साठ. जवळजवळ सगळ्या परदेशी शास्त्रज्ञांना टपालानं पाठवून दिल्या. घरात लहान मुलं, प्राध्यापकाचा तुटपुंजा पगार, आणि हा गृहस्थ चांदीवर आणि छपाईवर पैसे उडवतोय. त्याच्या बायकोनं, सिल्वेरिया फान्यानासनं, घर कसं चालवलं असेल याचा विचार चरित्रकारांपेक्षा आम्हा बायकांच्या मनात आधी येतो.

त्या अंकात पक्ष्यांच्या लहान मेंदूचं वर्णन होतं. त्यात एका जातीच्या पेशीचे तंतू दुसऱ्या पेशीच्या अंगाभोवती टोपलीसारखे विणलेले दिसत. भोवती विणलेले, पण आत शिरलेले नाहीत. टोक मोकळं. दुसऱ्या जागी पाहिलं, तिथेही टोक मोकळं. डोळ्याच्या पडद्यात, मज्जारज्जूत, नाकाच्या घ्राणकंदात, सगळीकडे तेच. काहालनं लिहिलं की पेशी एकमेकींना भिडतात, मिसळत नाहीत.

कुणी उत्तर पाठवलं नाही. स्पॅनिश वाचणार कोण? तेव्हा काहालनं सरळ बाड उचललं. १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनला जर्मन शरीरशास्त्रज्ञांची सभा होती. आपला सूक्ष्मदर्शक आणि स्लाइडच्या पेट्या घेऊन तो तिथे गेला, एका टेबलावर यंत्र मांडलं आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायला बोलावू लागला. सभेत ७२ वर्षांचे आल्बर्ट क्योलिकर होते, त्या काळचे ऊतिशास्त्राचे भीष्माचार्य. त्यांनी डोळा लावला. लावलेला काढेनात. इतके दिवस तेही जाळ्याच्या बाजूचे होते. पुढे त्यांनी ही पद्धत स्वतः करून पाहिली, मत बदललं आणि काहालचं वाचता यावं म्हणून स्पॅनिश शिकायला घेतलं. सत्तरी उलटल्यावर मत बदलणारा प्रोफेसर मला तरी विरळाच भेटला आहे. दोनच वर्षांनी शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी बर्लिनमध्ये या सगळ्याचा गोषवारा लिहिला आणि अशा स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं. गोषवारा लिहिणाऱ्याचं नाव राहतं, हा जगाचा नियमच आहे.

आता मामांच्या त्या घाणीच्या प्रश्नाकडे येऊ. काहालला दोन पेशींमधली फट दिसली होती का? नाही, आणि दिसणं शक्यही नव्हतं. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. चेतापेशींमधली फट साधारण २० नॅनोमीटरची. म्हणजे गोल्जी आणि काहाल यांच्यासमोर जवळपास सारखीच स्लाइड होती आणि नेमकी वादाची जागा दोघांनाही दिसत नव्हती. मग काहालनं ठरवलं कशावरून? एक तर मोकळी टोकं त्याला हजारो वेळा दिसली, जाळ्याचा सांधा एकदाही दिसला नाही. दुसरं म्हणजे इतरांचे पुरावे. विल्हेल्म हिस यांनी गर्भातल्या पेशींतून तंतू बाहेर वाढताना पाहिले होते. सगळं आधीपासून जोडलेलं असतं तर वाढायचं काय? ऑगस्ट फोरेल यांनी दाखवलं होतं की एक पेशी मेली की ऱ्हास तिच्यापुरता राहतो, शेजारणीत पसरत नाही. तिसरं कारण माझं. ज्यानं स्वतः इतके तुकडे फुकट घालवले असतात, त्याला रंगाची बनवाबनवी कळते.

तरी त्याच्यावरही घाणीचा आरोप झालाच. डेंड्राइटवर बारीक काटे दिसतात असं त्यानं १८८८ मध्येच म्हटलं होतं. बाकीचे म्हणाले, तो चांदीचा साका आहे, काटे कसले? गोल्जीच्या पद्धतीत साका इतका पडतो की आरोप वावगा नव्हता. काहालनं मग मेथिलीन ब्लू या संपूर्ण वेगळ्या रंगानं तेच काटे दाखवले. दोन निराळ्या रंगांत एकच घाण पडत नसते. आज त्या काट्यांना मेंदूविज्ञानात फार मान आहे. मेंदूच्या कवचातल्या बहुसंख्य उत्तेजक जोडण्या त्यांच्यावरच असतात.

तो बहुतेक वेळा फोटो काढत नसे, चित्रं काढी. फोटोग्राफी त्याला उत्तम यायची, रंगीत फोटोग्राफीवर त्यानं पुस्तकही लिहिलं. पण जाड काप एकाच वेळी सगळा फोकसमध्ये येत नाही. वरखाली करत, तासन्‌तास बघत, डोक्यात साठवून मग कागदावर उतरवायचं. अशी जवळजवळ तीन हजार चित्रं मागे राहिली. त्यांत त्यानं छोटे बाणही काढले. संदेश फांद्यांतून आत येतो, ॲक्सॉनमधून बाहेर जातो. हे बाण रंगातून दिसत नाहीत, ते त्याच्या डोक्यातले. निघाले मात्र बरोबर.

१९०६ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना विभागून मिळालं. स्टॉकहोममध्ये दोघे पहिल्यांदा समोरासमोर आले. ११ डिसेंबरला गोल्जीनं भाषण केलं आणि ते सबंध न्यूरॉनच्या कल्पनेवर तुटून पडण्यात घालवलं. शेजारी बसलेला माणूस त्याच कल्पनेसाठी बक्षीस घ्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी काहाल उभा राहिला आणि आपल्या स्लाइडवर काय दिसतं तेवढं सांगून बसला. गोल्जीला लोक यासाठी नावं ठेवतात. मला त्याची चीड येत नाही. ज्यानं हत्यार घडवलं, त्याला दुसऱ्यानं ते अधिक चांगलं चालवलेलं बघणं जड जातं. आमच्या धंद्यात हे मी पाहिलेलं आहे. पण मत म्हणून विचाराल तर तो हटवादी होता, आणि तेहतीस वर्षांत स्लाइड नव्यानं पाहायला त्याला पुष्कळ वेळ मिळाला होता.

फट आहे हे मान्य झालं तसा पुढचा प्रश्न आला. संदेश ती ओलांडतो कसा? विजेची ठिणगी पडते की काही पाझरतं? इथे रंगाऱ्यांचं काम संपलं आणि बेडूक, जळवा आणि सलाइन यांचं सुरू झालं.

सलाइनची गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवणार नाही. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडतं ठेवायचा. १८८२ मध्ये त्याचे प्रयोग झकास चालले होते. मग उमगलं की द्रावण डिस्टिल्ड वॉटरचं नाही, सहायकानं ते नळाच्या पाण्यात बनवलं होतं. शुद्ध पाण्यात बनवलं तर हृदय थांबायचं. लंडनच्या नळाच्या पाण्यातला कॅल्शियम हृदयाला चालवत होता. रिंगरनं १८८३ मध्ये हे प्रांजळपणे छापलं. दवाखान्यात आपल्याला चढवतात त्या ‘आरएल’च्या बाटलीतला ‘आर’ तो हाच. आणि गंमत पुढेच आहे. १९६० च्या दशकात बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेदी यांनी दाखवलं की ॲक्सॉनच्या टोकातून रसायन बाहेर पडायला नेमका कॅल्शियमच आत शिरावा लागतो. एका टेक्निशियनच्या आळसानं केवढा रस्ता उघडला!

ओटो लोवी ऑस्ट्रियातल्या ग्राट्‌सला काम करायचा. जन्म १८७३, गोल्जीच्या लेखाचंच वर्ष. १९२० च्या ईस्टरच्या आदल्या रात्री त्याला स्वप्नात एक प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत त्यानं कागदावर काही खरडलं आणि सकाळी ते त्याला वाचता येईना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी तो उठून तडक प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची दोन हृदयं रिंगरच्या द्रावणात. एकाला व्हेगस नस जोडलेली, दुसऱ्याला नाही. नसेला विजेचे झटके दिले, पहिलं हृदय मंदावलं. त्यातलं द्रावण काढून दुसऱ्यात घातलं. दुसरं हृदयही मंदावलं, आणि त्याला तर नस नव्हतीच. म्हणजे नसेच्या टोकातून पाण्यात काहीतरी उतरलं होतं. १९२१ मध्ये त्यानं हे छापलं. ते ‘काहीतरी’ पुढे ॲसिटिलकोलिन ठरलं. लंडनमध्ये हेन्री डेलनं १९१४ पासून त्याचे गुण तपासून ठेवले होते, पण शरीरात ते आपोआप तयार होतं हे तेव्हा कुणी दाखवलेलं नव्हतं.

हे रसायन क्षणात नष्ट होतं आणि असतं अगदी लेशमात्र. मोजायचं कशानं? जळवेनं. इंजेक्शनची आणि औषधांची युगं येण्याआधी जळू लावणं हे आपल्याकडे न्हाव्या-वैद्यांचं काम होतं. इथे ती तराजू झाली. जळवेच्या पाठीचा स्नायू एसेरीन या द्रव्यात भिजवून टांगला की ॲसिटिलकोलिनच्या थेंबानंही तो आकसतो आणि काजळी धरलेल्या फिरत्या पिंपावर रेघ उमटते. ही हातोटी बर्लिनच्या विल्हेल्म फेल्डबर्गला अवगत होती. १९३३ मध्ये ज्यू म्हणून त्याला नोकरीतून काढलं, तो लंडनला डेलकडे आला आणि तीन वर्षांत त्या मंडळींनी सिद्ध केलं की आपण हात उचलतो तेव्हाही नसेच्या टोकाशी हेच रसायन सुटतं. १९३६ चं नोबेल डेल आणि लोवी यांना मिळालं. दोन वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया घेतला, लोवीला रातोरात तुरुंगात टाकलं आणि नोबेलची रक्कम त्यांच्या बँकेत वळती करून घेतल्यावरच देश सोडू दिला.

या ॲसिटिलकोलिनशी आपल्या विदर्भाचा संबंध फार जवळचा आणि दुःखाचा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं ॲसिटिलकोलिन मोडणारं विकरच बंद पाडतात. मग रसायन साचतं, लाळ-घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वास अडकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा वर्तमानपत्रांत ही लक्षणं रोज छापून येत होती. अशा रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात पहिल्यांदा टोचतात ते ॲट्रोपिन त्याच जागी आडवं येतं जिथे लोवीच्या बेडकाच्या हृदयावर ॲसिटिलकोलिन बसलं होतं.

विजेवाले मात्र सहज हटले नाहीत. पेशीच्या आत संदेश विजेनंच धावतो, हे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी प्लिमथच्या किनाऱ्यावर माकुळाच्या जाड ॲक्सॉनवर मोजून दाखवलं, त्यामुळे त्यांना बळ होतं. जॉन एकल्सनं ठिणगीची बाजू वर्षानुवर्षं लढवली आणि १९५१ मध्ये स्वतःच्याच प्रयोगानं ती खोटी ठरल्यावर तितक्याच जोरानं पक्ष बदलला. १९५४-५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फट अखेर प्रत्यक्ष दिसली आणि तिच्या काठाशी रसायनाच्या चिमुकल्या पिशव्याही. काहाल १९३४ मध्येच गेला होता.

गोल्जी पुरता हरला असंही नाही. १९५९ मध्ये खेकड्याच्या जातीतल्या क्रेफिशमध्ये अशी जोडणी सापडली जिथे वीज थेट पलीकडे जाते. नंतर ती माणसाच्या मेंदूतही आढळली. २०२३ मध्ये कोम जेली या समुद्री जीवात तर अखंड सांधलेलं चेताजाळं निघालं, जवळपास गोल्जी म्हणत होता तसं. मेंदूवाल्या प्राण्यांत नाही, एवढंच.

काहालच्या आणि त्याच्या शिष्यांच्या स्लाइड माद्रिदला जपून ठेवल्या आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोनं तो संग्रह आपल्या जागतिक स्मृतींच्या यादीत घेतला. त्यांतल्या कितीतरी आजही बघण्याजोग्या आहेत, कारण चांदी उडत नाही. आपल्याकडे आता मेडिकल कॉलेजांतून स्लाइड स्कॅन करून पडद्यावर शिकवतात. चांगलंच आहे, डोळ्यांचा त्रास वाचतो. पण विभाग नव्या इमारतीत हलतो तेव्हा जुन्या लाकडी पेट्या भंगाराच्या टेम्पोत जाताना मी पाहिल्या आहेत. त्यांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टेक्निशियननी हातानं रंगवलेले काप असतात, आणि असे रंग करणारी माणसं आता निवृत्त झाली आहेत. तुमच्या ओळखीत कुणी अशा विभागात असेल तर एवढं सांगा. टाकण्याआधी लेबलं वाचा, यादी करा, ‘सिल्व्हर’ असं लिहिलेली पेटी बाजूला काढा आणि कोरड्या कपाटात ठेवून द्या.